काशम्माची न संपणारी दुरडी

शुक्रवार पेठेतल्या काशम्माच्या कडक भाकरीबद्दल दोन मतं नव्हती, आणि सोलापुरात एवढं एकमत दुसऱ्या कशावर झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भाकरी ज्वारीची, पापडासारखी पातळ, मोडली तर शेजारच्या घरात ऐकू जावी अशी. आगगाडीने लांबच्या गावाला निघालेले लोक तिच्याकडून चवड बांधून नेत. महिनाभराने भाकरी जशीच्या तशी असायची, माणसंच थोडी मऊ पडून परत यायची. सोबत शेंगांची चटणी. ती काशम्मा स्वतःच उखळात कुटायची. दुसऱ्याच्या हातात मुसळ दिलं की शेंगांना तेल सुटायच्या आधी माणसाचा धीर सुटतो, असा तिचा अनुभव होता.

इन्फ्लुएंझाच्या साथीत तिचा नवरा गेला आणि माहेरी आईबापही गेले. मागे राहिलं दोन खोल्यांचं घर आणि तिप्पण्णा नावाचा पाटी-पेन्सिलच्या वयाचा भाऊ. काशम्मा तेव्हा विशीत होती. तिने घर झाडलं, भावाचं नाक पुसलं आणि चूल पेटवली. त्या साथीत सरकारने काय काय केलं ते तिच्या पक्कं लक्षात होतं, कारण लक्षात ठेवायला फारसं काही नव्हतं.

भाऊ गुणाचा निघाला. नवी पेठेत चनमल्लप्पाच्या कापडदुकानात गज हातात घेऊन उभा राहू लागला. खणाचं गिऱ्हाईक असो की धोतराचं, तिप्पण्णाशी दोन शब्द बोलल्याशिवाय कुणी दुकानाची पायरी उतरत नसे. चनमल्लप्पाला हे आवडत नव्हतं, पण विक्री होत असल्यामुळे तो नाइलाजाने सहन करी. अक्कलकोटकडून एक आणि बार्शीहून एक अशी तिप्पण्णाला दोन स्थळं सांगून आली होती. काशम्मा मनातल्या मनात सुनेला भाकरी थापायला शिकवू लागली होती, आणि मनातल्या मनातसुद्धा सुनेला ती नीट जमत नव्हती.

तीस साली शहरावर आलेला मार्शल लॉ उठून दोन-अडीच वर्षं झाली होती, तरी शहर अजून दार अर्धं लोटूनच बोलत असे. त्या हिवाळ्यात म्युनिसिपालिटीने घरांवर नंबर घालायचं काढलं. सोमलिंग नावाचा शिपाई गेरूचा डबा आणि ब्रश घेऊन गल्लीत आला आणि एकेका चौकटीवर आकडा रंगवून गेला. कशासाठी, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं. नोकरी त्यामुळेच टिकली होती. गल्लीने मात्र आपापले अर्थ लावले. कुणी म्हणालं, घरपट्टी वाढणार. कुणी म्हणालं, प्लेगची सुई टोचणार. कुणी म्हणालं, घरटी एक माणूस उचलून नेणार. एवढं बोलून लोक जेवायला गेले.

तिप्पण्णा जेवायला गेला नाही.

"अक्का, नंबर कशाला घालत्यात ठाव हाय?"

"घालंनात. आपलं घर काय पळून जातंय व्हय?"

"घराचं न्हाय. माणसाचं हाय त्ये. आमच्या दुकानात ताग्याला चिठ्ठी कवा लावत्यात? गिऱ्हाईक ठरल्यावर! आमाला चिठ्ठी लावलीय अक्का. गिऱ्हाईक ठरलंय."

मुद्दा बिनतोड होता, आणि काशम्माला भीती वाटली ती त्याच गोष्टीची. तिप्पण्णा एरवी इतकं बिनतोड बोलत नसे.

मग त्याची झोप गेली. रात्र रात्र तो अंगणात येरझाऱ्या घाली आणि सकाळी डोळे लाल करून दुकानाच्या गजाने दोन दारांमधलं अंतर मोजत बसे. पुढे दुकानात जायचंही थांबलं, कारण दुकानालाही नंबर पडला होता. एका सोमवारी त्याने देव्हाऱ्यातली विभूतीची वडी घेतली, पाण्यात उगाळली आणि आपल्या चौकटीवरच्या नंबरावर तीन बोटांचे जाड पट्टे ओढले. आकडा दिसेनासा झाला. मग शेजारच्या दारावर, मग त्याच्या शेजारच्या. दुपारपर्यंत सगळी गल्ली कपाळाला विभूती लावल्यासारखी दिसू लागली.

सोमलिंग पुन्हा डबा घेऊन आला. पहिल्या दारापाशी त्याने ब्रश उचलला, विभूती पाहिली आणि ब्रश खाली ठेवला. तो स्वतः गळ्यात लिंग बांधणारा माणूस. विभूती पुसणार कशी? त्याने चौकटीला हात जोडले, मग पुढच्या चौकटीला, आणि असा नमस्कार करत करत गल्लीच्या दुसऱ्या टोकाने निघून गेला. कचेरीत त्याने काय सांगितलं ते कळलं नाही. काम पूर्ण झालं असंच सांगितलं असावं.

आता एखाद्या माणसाचं डोकं बिघडलं तर चार लोकांत ते उठून दिसावं, अशी अपेक्षा असते. पण सरकारवर कुणाचाच विश्वास नसलेल्या शहरात ही सोय उरली नव्हती. सगळ्यांना जे थोडं थोडं वाटत होतं, तेच तिप्पण्णाला जास्त वाटत होतं, इतकंच. त्यामुळे गल्लीत त्याला वेडं कुणी म्हटलं नाही. झालं ते त्याहून अवघड झालं. लोकांनी त्याचं कौतुक सुरू केलं.

समोरचा धोंडीराम हा कडब्याचा व्यापारी. मागे सत्याग्रहात थोडे दिवस आत जाऊन आला होता, आणि तेव्हापासून दुसऱ्या विषयावर बोलायला त्याला कुणी भेटलं नव्हतं. तो येऊन तिप्पण्णाच्या गळ्यात सुताचा हार घालून गेला.

"काय हिंमत म्हनायची! सरकारचा आकडा पुसला! तिप्पण्णाशेठ, तुमी निस्तं फुडं व्हा, मागं आमी हाय की."

मागं ही धोंडीरामाची आवडती जागा होती.

दुसरा पक्ष शेजारच्या ईरम्माचा. तिच्या मते तिप्पण्णाला वैराग्य आलं होतं. झोप नाही, जेवण नाही, हातात विभूती, डोळ्यांत तेज: आणखी काय पाहिजे? ती सकाळी येऊन त्याच्या पाया पडली. तिप्पण्णाने दचकून पाय वर घेतले, तर ती म्हणाली, "बघा, मोठेपना न्हाय अंगात!"

काशम्मा दोन्ही पक्षांना चहा देई. देशभक्त आणि साधुपुरुष अशा दोन्ही जागांवर तिच्या भावाची नेमणूक झाली होती, पण त्याला बरं नाहीये एवढी साधी गोष्ट मानायला गल्ली तयार नव्हती. आणि त्याला बरं नव्हतं. गालफडं बसली होती. बोलता बोलता तो एकदम थांबून दाराकडे कान लावी. एकदा त्याने तिलाच विचारलं होतं, "तू अक्काच हाईस न्हवं?" आणि तिने "व्हय रं राजा" म्हटल्यावरही थोडा वेळ तिच्याकडे पाहतच राहिला होता. त्या दिवशी तिने चटणी कुटताना मुसळ इतकं आपटलं की ईरम्माने भिंतीपलीकडून विचारलं, "काशम्मा, शेंगा हायत का दगड?"

खरी अडचण जेवणाची होती. नंबर पडल्यानंतर चुलीवर शिजलेल्यात काहीतरी कालवलंय म्हणून तो ते खाईना. पाणी पिई, कारण आडाला नंबर नव्हता. शेवटी त्यानेच तोड काढली. कोपऱ्यात दिवाळीच्या आधी भाजून ठेवलेल्या कडक भाकरीची एक मोठी दुरडी होती.

"ही नंबराच्या आदीची हाय. ही चालंल."

काशम्माला इतका आनंद झाला की तिने भाकरीबरोबर तेलाची धार ओतलेली चटणीही पुढे केली. चटणी कधीची, हे त्याने विचारलं नाही. भुकेला थोडी सवलत द्यावी लागते.

पण दुरडी म्हणजे दुरडी; तिला तळ असतो. भाकऱ्या उतरू लागल्या तशी काशम्मा रोज त्या मोजू लागली. मग ती जे करत आली होती तेच करू लागली, फक्त लपवून. विकायच्या भाकऱ्या ती रोज भाजतच होती. तिप्पण्णा अंगणात गज घेऊन गेला की त्यातल्या चार ती दुरडीत तळाशी सारी आणि वर फडकं पसरी. आयुष्यात तिने कधी भाकरी चोरली नव्हती. आता स्वतःच्याच घरात स्वतःचीच भाकरी चोरून ठेवताना ती दोनदा दाराकडे बघून घेई. तिप्पण्णा यायचा, फडकं उचलायचा, वरची भाकरी घ्यायचा, मोडायचा आणि शांतपणे खायचा. दिवसातला तेवढाच वेळ त्याच्या कपाळावरची शीर खाली बसे.

हा बेत उत्तम होता. त्यात एकच दोष होता, तो म्हणजे ईरम्मा. दिवाळीआधी ती दुरडी भरायला ईरम्मानेच मदत केली होती. एके दिवशी फडक्याखाली डोकावून ती बाहेर आली आणि गल्लीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "माझ्या हातानं चवड लावली हुती. आर्दी व्हाया पायजे. भरलेलीच हाय! खातूय तरी संपंना!"

त्यानंतर माणसं येऊ लागली. आधी गल्लीतली, मग पेठेतली, मग साखर पेठेतले तेलुगू विणकर बायकापोरांसह आले, मग एक अत्तरवाला आला आणि "सुब्हानल्ला, क्या रोटी है" म्हणून गेला. नारळांचा ढीग झाला. लोक दुरडीला लांबूनच नमस्कार करत. काशम्माला ही शिस्त बरी वाटे, कारण जवळून पाहिलं असतं तर वाफ दिसली असती. धोंडीराम आलेल्या जमावाला उभ्याउभ्या स्वराज्याबद्दल सांगून घेई. भाविकांना वाटे हे कीर्तन आहे, आणि धोंडीरामाला वाटे ही सभा आहे. दोघंही समाधानी होते.

आणि मधोमध ओट्यावर तिप्पण्णा. गर्दी वाढली तसा तो आणखी जागा, आणखी बोलका. "बघ अक्का, सगळ्यांना पटलंय," तो म्हणायचा. खरंच पटलं होतं. काशम्माला त्याचाच घोर लागला होता.

पाचांहून जास्त माणसं एकत्र आली की त्या दिवसांत सरकारला धडकी भरायची. पोलीस कधीतरी येणार हे काशम्माला दिसत होतं. आणि पोलिसांनी तिप्पण्णाला धरलं, की तो जे म्हणत होता तेच खरं ठरणार; मग त्याला त्या भीतीतून बाहेर काढायला जगात कुणाचा शब्द पुरला नसता, तिचासुद्धा नाही.

ती नवी पेठेत डॉक्टर रुद्रप्पांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणजे मध्यम वयाचे, टक्कल पडलेले, ऐकून घेणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकलं. दुरडीपाशी आल्यावर त्यांना हसू आलं, मग ते गंभीर झाले.

"हा आजार आहे काशम्मा. ताप येतो तसा. मनाला येतो, एवढंच. आधी झोप लागली पाहिजे. पुण्याकडे सरकारी इस्पितळ आहे, तिथे पाठवता येईल."

"तितं काय करत्यात?"

"ठेवून घेतात. औषध देतात."

"सोडत्यात कवा?"

डॉक्टर प्रामाणिक होते. "ते मला सांगता येणार नाही."

"तितं मानसाला नंबर घालत्यात का?"

"घालतात."

"मग आमच्या तिप्पण्णाचं बरोबरच हाय की."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. मग उठून त्यांनी झोप आणणारं ब्रोमाइडचं मिक्श्चर भरलं, बाटलीला मात्रांची कागदी पट्टी चिकटवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तो आपण होऊन घेणार नाही. चटणीत मिसळा. खारट असतं, कळायचं नाही."

"कळायचं न्हाय?" काशम्माला हे लागलं. "माझ्या चटणीत मीठ जास्त झालं तर सोलापुराला कळतंय. तिप्पण्णाला कळायचं न्हाय?"

बाटली घेऊन ती घरी आली आणि ती तिने पिठाच्या डब्यामागे ठेवली. मीठ हे निमित्त होतं. रोज भाकरीचं एक खोटं ती तोलत होती. त्यावर दुसरं चढवलं आणि दोन्ही एकदम कोसळली तर त्या पोराने जगात विश्वास ठेवायचा कुणावर? त्याच्या विश्वासाच्या यादीत राहिलेली ती शेवटची होती. रोज ती डबा सरकवायची, बाटलीकडे पाहायची आणि डबा परत लावायची.

पुढच्या सोमवारी गर्दीने गल्लीचं तोंड बंद झालं. दुपारी फौजदार आबासाहेब दोन शिपाई घेऊन आले. आबासाहेब पोटाच्या विकाराने त्रासलेले, निवृत्तीकडे डोळे लावून बसलेले गृहस्थ होते. भाकरीच्या दुरडीवरून दंगल हाताळण्याचा प्रसंग नोकरीच्या शेवटी यावा, याचं त्यांना वाईट वाटत होतं. धोंडीराम बोलता बोलता हळूच मागे सरकला आणि आपल्या आवडत्या जागी जाऊन पोचला.

"तिप्पण्णा कोण?" फौजदारांनी विचारलं.

"मी."

"लोकांना कशाला जमवतोस रे?"

"मी न्हाय जमवलं. तुमी नंबर घातलं, तुमी जमवलं."

गर्दी हसली. कुणीतरी जयजयकार केला. आबासाहेबांच्या पोटात कळ आली. "याला घ्या चौकीवर," ते म्हणाले.

शिपाई पुढे झाले. तिप्पण्णा मागे भिंतीला टेकला, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती, तर एक भयंकर समाधान होतं. हिशेब बरोबर निघाल्यावर होतं तसं. तो चेहरा काशम्माने दारातून पाहिला. दुरडी खरी ठेवली तर भाऊ चौकीवर जातो. खोटी म्हटली तर गर्दी हटते, पण भाऊ उपाशी मरतो. तिला वाटलं, उपाशी माणसाला निदान आपल्या डोळ्यांसमोर समजावता येईल.

तिने दुरडी उचलली आणि ओट्यावर आणून आदळली.

"ह्यात चमत्कार बिमत्कार काय न्हाय. रोज मी भाकरी करते आन् ह्यात ठेवते. वरची परवाची हाय, मदली कालची, खालची आजची. घाला हात!"

फौजदारांनी ईरम्माकडे पाहिलं. ईरम्माने भक्तिभावाने दुरडीच्या तळाशी हात घातला आणि किंचाळली, "गरम हाय! दिवाळीची भाकरी अजून गरम हाय!"

गर्दीतून "शिव शिव" असा गजर उठला. मागच्या बायकांनी हात जोडले.

"अगं बये!" काशम्माचा आवाज चिरकला. "गरम हाय कारन मी आत्ता भाजलीय! चुलीवर! ह्या हातानं! हे बघ, फोड आलाय!"

तिने हात पसरला. फोड खरा होता. चमत्काराला फोड येत नाही, एवढं लोकांनाही ठाऊक होतं. जोडलेले हात हळूहळू खाली आले. काशम्माला आता एकाच माणसाकडे पाहायचं होतं आणि त्याच माणसाकडे पाहवत नव्हतं. ती दुरडीकडे बघत राहिली.

"ठाव हाय की," तिप्पण्णा म्हणाला.

"काय ठाव हाय?"

"तू रोज ठेवतीस ते."

"कवापास्नं?"

"तुझी पयली भाकरी खाल्ली तवापास्नं. दिवाळीच्या भाकरीला तीळ कुटं असत्यात? तीळ तू संक्रांत जवळ आली की लावतीस."

काशम्माने दुरडीत पाहिलं. वरपासून खालपर्यंत भाकऱ्यांवर तीळ चमकत होते. उभं आयुष्य भाकऱ्या थापलेल्या बाईने खोटं बोलायला घेतलं, आणि त्यावर स्वतःच्या हाताने तीळ लावून ठेवले होते. ईरम्मानेही दुरडीत पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"मग खाल्लीस कशी रं?" काशम्माने विचारलं.

"तू एवढं लपवून ठेवत हुतीस. म्हटलं, अक्काला वाईट वाटायला नगं."

"भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की." तो भिंतीपासून थोडा पुढे आला. "भीत भीत खाल्ली. रोज वाटायचं, आज मरतूय. मग दुसऱ्या दिशी पुन्ना भूक लागायची."

आधी कुणी हसलं ते कळलं नाही. बहुधा फौजदारच. मग ईरम्मा, मग ओट्याखालचे विणकर, मग सगळी गल्ली. काशम्मा हसता हसता रडू लागली आणि तिप्पण्णा गोंधळून तिला म्हणाला, "साकु अक्का, साकु," म्हणजे पुरे झालं. लहानपणी तो पडला की ती त्याला म्हणायची तसं. आणि मग त्याच्या स्वतःच्याच तोंडाचा कोपरा थोडा हलला.

आबासाहेबांनी कायदा मनात उलटासुलटा चाळला. भावाला ताजी भाकरी शिळी म्हणून खाऊ घालणं हा गुन्हा कुठल्याच कलमात बसेना. "चला, घरी जा सगळे," ते म्हणाले. लोक निघाले. जाताना ज्याने त्याने आपापला नारळ उचलला. चमत्कार गेला तरी नारळ चांगला होता. धोंडीराम सर्वांत दुःखी दिसत होता. "पन अकरा-बारा लोकं तरी जेलात गेली असती," असं काहीतरी तो पुटपुटत होता, आणि त्या अकरा-बारांत आपण नसतो याची त्याला खात्री होती.

आबासाहेब थांबले. "बाई, ती कालची एक देता का? पोटाला हलकी म्हणतात."

"घ्या की. कालची मदली."

ते ओट्यावर बसून खाऊ लागले. काशम्मा आत गेली, पिठाचा डबा सरकवला आणि बाटली घेऊन तिप्पण्णासमोर आली. आज खरं बोलायला सुरुवात झालीच होती.

"अजून एक हाय. ह्ये औषध. झोपंचं. चटणीत घालून दे म्हनाले हुते. घातलं न्हाय."

"कोन म्हनालं?"

"रुद्रप्पा डॉक्टर."

तिप्पण्णाने बाटली उजेडात धरली, पट्टीवरच्या मात्रा निरखल्या, वास घेतला. "तेंच्या दवाखान्याला नंबर हाय?"

काशम्माच्या जिभेवर आलेलं 'न्हाय' तिने गिळलं. "हाय."

तिप्पण्णाने बाटली तिच्यापुढे धरली. फौजदारांच्या तोंडात भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा येत होता.

"तू आदी पी," तो म्हणाला.

काशम्माने एक मात्रा ओतली आणि घशाखाली लोटली. औषध समुद्रासारखं होतं. "शी! आन् ह्ये म्हनं चटणीत कळायचं न्हाय!"

तिप्पण्णा खळखळून हसला आणि त्याने दुसरी मात्रा घेतली.

पुढचं काशम्माने ईरम्माकडून ऐकलं, कारण ती स्वतः तिथे नव्हती. म्हणजे होती, पण झोपली होती. तिच्या पोटात औषधाची एक मात्रा होती, आणि तिच्या अंगात कित्येक आठवड्यांचं जागरण साठलेलं होतं. दोघं बहीणभाऊ दिवसाउजेडी, दार सताड उघडं टाकून, चटईवर वेडेवाकडे पसरले. भक्ती वाया गेल्यामुळे मोकळी झालेली ईरम्मा दारात जाऊन बसली आणि गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला तिने ओठांवर बोट ठेवून चवड्यांवर चालायला लावलं. फौजदारांनी खाकरून विचारलं, "पाणी मिळेल का?" तर ती त्यांच्या अंगावर धावली, "हळू वं सायेब! झोपल्यात त्ये!" आणि आबासाहेबांनी सरकारच्या वतीने आवाज खाली आणला. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा तिने त्या दिशेनेही हात हलवला, पण भोंग्याने ऐकलं नाही.

काशम्मा जागी झाली तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन चटईवर आलं होतं. चुलीपाशी ईरम्मा भाकऱ्या भाजत होती आणि त्या जळत होत्या. जन्मात पहिल्यांदा काशम्माने जळकी भाकरी पाहून तोंड उघडलं नाही. शेजारी तिप्पण्णा पालथा पडला होता आणि घोरत होता, लोहाराच्या भात्यासारखा, अजिबात न लाजता. तिने आयुष्यात बरीच भजनं ऐकली होती. ती तिथेच बसून हे ऐकत राहिली.

माणूस एका झोपेने बरा होत नाही, आणि तिप्पण्णाही झाला नाही. डॉक्टर रुद्रप्पा पिशवी घरी ठेवून, भाकरी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारखे येत, ओट्यावर गप्पा मारत आणि बोलता बोलता नाडी बघून जात. बरे दिवस येत, वाईट येत. वाईट दिवशी तिप्पण्णा आत बसे, आणि काशम्मा लोकांना सरळ सांगे, "आज त्याला बरं न्हाय." गल्लीला आधी हे चमत्कारिक वाटलं, मग सवय झाली. काहींनी तर आपल्या घरच्या माणसांबद्दलही तसंच म्हणून पाहिलं आणि त्यांना हायसं वाटलं. बार्शीच्या स्थळाने नकार कळवला. अक्कलकोटच्या मुलीने तिळाची हकीकत ऐकली आणि ती इतकी हसली की बापाला तिला पाणी द्यावं लागलं. त्या स्थळाने नकार कळवला नाही.

गुढीपाडव्यानंतर चनमल्लप्पाचा निरोप आला. दुकानात गिऱ्हाइकं येत होती पण बोलत नव्हती, आणि चनमल्लप्पाला आपण होऊन बोलता येत नव्हतं. पहिल्या दिवशी काशम्मा भावाबरोबर नवी पेठेच्या तोंडापर्यंत गेली. समोर गर्दी होती, हातगाड्या होत्या, सोन्याचांदीच्या दुकानांच्या फळ्या निघत होत्या. तिप्पण्णा थबकला. त्याने कोट ओढला, घाम पुसला.

"अक्का, मी कसा दिसतूय? खरं सांग."

काशम्माने त्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"खरं सांगू? भ्यालेला दिसतूयस. आन् कोटाच्या गुंड्या एक घर चुकल्यात."

तो खाली बघून मोठ्याने हसला. पेठेतली दोन-चार माणसं वळून बघू लागली. तिप्पण्णाने भर रस्त्यात उभं राहून एकेक गुंडी सोडली, एकेक लावली, आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग तो गर्दीत शिरला. काशम्मा त्याची टोपी दिसेनाशी होईपर्यंत थांबली आणि घाईने घराकडे वळली. ईरम्मा आज पुन्हा चुलीपाशी बसली होती.